पर्थमधले सहा ऋतू आणि शाळेच्या भिंतीवरचा तक्ता

इथे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये, एप्रिल आला की बालवाडीतल्या पोरांना ऑटमचं, म्हणजे पानगळीचं चित्र रंगवायला देतात, लाल-पिवळी पानं गळतायत वगैरे. आणि वर्गाबाहेर बघावं तर जारा, मॅरी अशी इथली मूळची सगळी झाडं बारा महिने हिरवीगार. म्हणजे पोराला समोर दिसतंय एक आणि कागदावर रंगवायचं इंग्लंडचं, कमाल आहे.

पर्थ ज्यांची मूळ भूमी आहे त्या नूंगार आदिवासी लोकांचे ऋतू सहा: बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू, जिल्बा, कम्बारांग. प्रत्येकाला ढोबळ दोन महिने लावतात, पण खरा हिशोब तारखेचा नाहीच. आपल्या मृगाला निदान पंचांगात ७-८ जून तरी असतो, इथे रात्री गार व्हायला लागल्या आणि उडत्या मुंग्या दिसल्या की जेरान आला. मकुरूत थंडी-पाऊस जोरात, तेव्हा माणसं किनारा सोडून आतल्या बाजूला सरकायची.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मूजारचं झाड. कम्बारांग संपत आला की असलं भडक केशरी फुलतं की गाडी चालवतानाही नजर जाते, आणि ते फुललं की समजायचं आता ऊन तापणार. वरून एवढं देखणं पण जमिनीखाली पक्कं लबाड, शेजारच्या झाडांची मुळं कापून त्यातलं पाणी पितं, पुरलेल्या केबलसुद्धा सोडलेल्या नाहीत म्हणे त्याने 😄 आणि नूंगार लोक मानतात की गेलेल्या माणसाचा आत्मा पुढच्या प्रवासाला निघण्याआधी ह्याच झाडावर थांबतो, म्हणून त्याची फुलं तोडायची नाहीत. आता विज्ञानाचा एक तास ह्यावर सहज होईल, पण ती आत्म्याची गोष्ट मी किंवा कुणी गोऱ्या टीचरने सांगण्यात काय अर्थ आहे? ती त्यांच्या एल्डर (समाजातल्या जाणत्या, मान असलेल्या ज्येष्ठ) आजीनेच सांगायला हवी.

आणि माझं भांडण इथेच आहे. १९०५ च्या कायद्याने ह्याच लोकांची मुलं आईबापापासून तोडली, १९२७ ते १९५४ पर्थच्या मधल्या भागात त्यांना परवानगीशिवाय पाय ठेवायची बंदी होती, आणि आता त्यांचे सहा ऋतू रंगीत चक्र छापून भिंतीवर लावले की झालं? ज्या नूंगार पोराची आजी वर्गात येऊन शिकवते आणि बाकीची मुलं गप्प बसून ऐकतात, ते पोर त्या दिवशी ताठ मानेने घरी जातं. वेलबीइंग वेलबीइंग म्हणून जे वर्कशॉप चालतात त्यापेक्षा मला हे जास्त खरं वाटतं.

तर प्रत्येक ऋतूत एकदा एल्डरना बोलवा, मुलांना दरवेळी त्याच एका झाडीत न्या, आणि मानधन नीट द्या, चहा-बिस्किटावर भागवू नका. "बजेट नाही" म्हणणाऱ्या शाळा नवीन टॅबलेट बरोबर घेतात. पुढच्या पालक मीटिंगला मी हे बोलणार आहे. पर्थमधल्या मराठी पालकांनो, तुमच्या शाळेत एल्डर वर्षातून किती वेळा येतात ते कमेंटमध्ये लिहा, मला तिथे दाखवायला उपयोगी पडेल.