‘ग्रँटची पाच सूत्रं’ आणि सीतेची आसवं

परवा रात्री अकराला भाचीचा मेसेज आला, ‘मामा, शीर्षक कसं वाटतंय?’ संशोधनाच्या ग्रँटसाठी, म्हणजे अनुदानासाठी, ती जो प्रस्ताव लिहितेय त्याचं शीर्षक होतं, ‘कोकणातील सड्यांवरील कीटकभक्षी वनस्पतींचा एआय-आधारित अभ्यास’. पोरीची पीएचडी यातल्याच एका वनस्पतीवरची, सीतेच्या आसवांवरची. भर पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गुडघे टेकून जांभळी फुलं मोजत बसते. यात एआय कुठून घुसलं? तिच्या कॉलेजच्या स्टाफच्या ग्रुपवरून. ‘तरुण प्राध्यापकांनो, ग्रँट मिळवण्याची पाच सूत्रं’ हा फॉरवर्ड मला स्वतःलाच चार ग्रुपांवर आलाय. आता घरात शिरला, म्हणून लिहितोय.

सूत्र एक: ‘पैसा जिथे, विषय तिथे वळवा.’ परीक्षक शीर्षकावर थांबत नाही, पद्धतीचं पान उघडतो. डेटा किती, मॉडेल कोण बसवणार, हे तिथे लिहावं लागतं. भाचीकडे आहेत तीन पावसाळ्यांच्या भिजून फुगलेल्या वह्या. सड्यावरचं पाणी लवकर आटलं तर बी धरतं का, हा त्यातला प्रश्न नीट मांडला तर एआयची ठिगळं कशाला लागतात?

सूत्र दोन वाचून मात्र डोकंच फिरलं. ‘एकच प्रस्ताव दहा ठिकाणी टाका, कुठेतरी लागेल.’ अरे, ही काय लॉटरी आहे? हे लिहिणाऱ्यानं डीएसटी-सर्बचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान विभागाच्या संशोधन-निधी मंडळाचा, प्रस्तावाचा नमुना उघडलाय का कधी? त्यात मुख्य संशोधकाचं प्रमाणपत्र असतं. त्याचं पहिलंच कलम असं की हाच प्रस्ताव अर्थसाहाय्यासाठी इतरत्र सादर केलेला नाही. खाली तुमची सही. म्हणजे हे सूत्र पाळायचं तर खोट्या प्रमाणपत्रावर सही करायची, तीही नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. शिवाय आपल्याकडे एकेका विषयातले जाणकार मोजके. माझ्या एका सहकाऱ्याचे दोन प्रस्ताव फिरत फिरत एकाच परीक्षकाच्या टेबलावर गेले होते. पुढे काय झालं ते तो अजून सांगत नाही.

एका जागेवरून दोन वेगळे प्रश्न निघत असतील तर गोष्ट वेगळी. पाणी, परागण, बी हे एएनआरएफकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे, न्या. त्याच सड्यावर चिरेखाण आली तर गुरं चारणाऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न आयसीएसएसआरचा, म्हणजे समाजशास्त्रीय संशोधनाला निधी देणाऱ्या परिषदेचा, आणि तो समाजशास्त्राच्या माणसाला बरोबर घेऊन मांडायचा.

‘बजेट दुप्पट मागा, कापतातच’ हे तिसरं. प्रत्येक उपकरणाचं समर्थन लिहावं लागतं, तिथेच फुगवटा दिसतो. पुढे.

चौथं: ‘गावाकडच्या कॉलेजांना काही मिळत नाही.’ हे नाइलाजानं अर्धं कबूल करतो. मोठा वाटा मोठ्या संस्थांकडे जातो, आणि बऱ्याच योजनांना नियमित पद लागतं. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी मुलं तिथे दारातच अडतात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘काहीच नाही’ हे खोटं. राज्य विद्यापीठं आणि कॉलेजांसाठीच सर्बनं ‘शुअर’ काढली, तीन वर्षांना 30 लाखांपर्यंत. ‘टेअर’मध्ये कॉलेजातला शिक्षक आपलं पद सांभाळून जवळच्या मोठ्या संस्थेत काम करू शकतो. सर्ब आता एएनआरएफमध्ये विलीन झालंय, तेव्हा यातलं सध्या काय खुलं आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा, फॉरवर्डात नको.

पाचवं सूत्र, ‘आधी इन्स्पायर फॅकल्टी भरा.’ ही तरुण संशोधकांसाठीची केंद्राची फेलोशिप. त्याला वय 27 ते 32 लागतं, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 35 पर्यंत. भाची 36 ची आहे. तिच्यासाठी एएनआरएफची अर्ली करिअर ग्रँट बघायला हवी, तीन वर्षांना 60 लाखांपर्यंत.

तिला म्हटलं, आधी पात्रतेचं पान छापून घे आणि पेन्सिलनं एकेक ओळ खूण करत जा. काल पुन्हा मेसेज आला. शीर्षकातलं एआय गेलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘मामा, प्राचार्यांची सही कुठल्या पानावर लागते?’