रक्ताचा अहवाल नसेल तर मद्यपान सिद्धच होत नाही का? एका प्रतिक्रियेला उत्तर

मद्यपान करून वाहन चालवल्याचा मुद्दा परिस्थितिजन्य पुराव्यावरही, म्हणजे आजूबाजूच्या सिद्ध गोष्टींवरून काढलेल्या अनुमानावरही, सिद्ध होऊ शकतो, या माझ्या प्रतिपादनाला आपण सविस्तर हरकत घेतली आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: तोंडाचा वास, डळमळती चाल आणि अडखळते बोलणे यांवरून कोणाला मद्यधुंद ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच स्पष्ट केले असताना मी तो निर्णय डावलला, रक्ततपासणीसारखा शास्त्रीय मार्ग उपलब्ध असताना परिस्थितीचा आधार घेणे म्हणजे तपासातील ढिलाईवर पांघरूण घालणे आहे, आणि अशा पुराव्याचा फटका शेवटी चांगला वकील न परवडणाऱ्या चालकालाच बसतो. यातील शेवटचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, पण तिथे पोहोचण्यासाठी आधीचे दोन नीट पाहावे लागतील.

आपण ज्याचा उल्लेख केला तो निर्णय बच्चूभाई हसनअल्ली करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा आहे. आरोपीच्या तोंडाला दारूचा वास येत होता, चाल अस्थिर होती, बोलणे असंबद्ध होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, एवढीच सामग्री तिथे होती. अपघातात सापडलेला माणूस मानसिक ताणाखाली असतो आणि त्यामुळेही त्याची चाल अस्थिर होऊ शकते, हे डॉक्टरांनी उलटतपासणीत मान्य केले होते. लघवीची तपासणी झालेली नव्हती. अशा स्थितीत केवळ या लक्षणांवरून ठाम निष्कर्ष काढता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. परिस्थितिजन्य पुरावा या प्रकारालाच न्यायालयाने दार बंद केले, असा अर्थ त्यातून निघत नाही. त्या प्रकरणातली लक्षणे नशेशी जितकी जुळत होती तितकीच अपघाताच्या धक्क्याशीही जुळत होती, म्हणून ती अपुरी पडली. शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतही हाच गाभा आहे: प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे पूर्ण सिद्ध झालेली असावी, ती आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असावी आणि सर्व मिळून अशी अखंड साखळी तयार व्हावी की निर्दोषत्वाचे कोणतेही वाजवी स्पष्टीकरण शिल्लक राहू नये. १९७१ चा निर्णय मी या कसोटीचेच एक उदाहरण मानतो आणि तो पूर्णपणे स्वीकारतो.

आता गुन्हा कोणता, हे आधी ठरवायला हवे. आपल्या प्रतिक्रियेत दोन वेगळे गुन्हे एकत्र झाले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली जो आरोप नेहमी ठेवला जातो, त्यात आकडा हाच गुन्ह्याचा घटक आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश, आणि तोही श्वासतपासणी यंत्राने किंवा २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रयोगशाळेसारख्या अन्य चाचणीने आढळलेला असावा लागतो. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या साक्षीतून मिलिग्रॅम निघत नाहीत. त्यामुळे चाचणीच झाली नसेल तर हा आरोप टिकणार नाही, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. पण माणूस मेला असेल तर आरोप प्रामुख्याने भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ किंवा कलम १०५ खाली येतो. पहिल्यात हयगयीने घडवलेला मृत्यू, दुसऱ्यात सदोष मनुष्यवध. या दोन्ही कलमांत मद्यांशाचा आकडा कुठेही लिहिलेला नाही. तिथे मद्यपान ही एक वस्तुस्थिती म्हणून येते, जिच्यावरून चालकाची बेफिकिरी, आणि कलम १०५ च्या बाबतीत आपल्या कृतीने मृत्यू ओढवू शकतो याची त्याला असलेली जाणीव, यांचे अनुमान काढले जाते. ही जाणीव मोजणारे यंत्र अस्तित्वात नाही. ती नेहमी परिस्थितीवरूनच ठरते.

ॲलिस्टर अँथनी परेरा प्रकरण यासाठी पुन्हा वाचण्यासारखे आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात जण मरण पावले आणि आठ जखमी झाले. रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यांश आढळला होता. त्याशिवाय आरोपीला येणारा वास आणि गाडीत मिळालेली दारूची बाटली हेही पुराव्यात होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम ठेवली. तिथे अहवाल होता, हे मी लपवत नाही. माझे म्हणणे एवढेच की अहवाल एकटा उभा नव्हता. वेग, रस्ता, वेळ, वास आणि बाटली यांच्या सोबतीने त्याला अर्थ आला.

इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या २०२१ च्या निर्णयात तर श्वास किंवा रक्ताच्या चाचणीचा निकाल नसतानाही चालक मद्याच्या अमलाखाली होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. रात्री उशिरा, दिल्लीच्या इंडिया गेटसारख्या रुंद रस्त्यावर, दुसऱ्या कोणत्याही कारणाविना गाडी पदपथावर आदळून उलटली आणि वैद्यकीय नोंदीत मद्याचा वास होता, एवढे तिथे पुरे झाले. मात्र तो विमा दाव्याचा वाद होता आणि तिथे संभाव्यतेचा तोल, म्हणजे कोणती बाजू अधिक शक्य वाटते एवढेच, पाहिले जाते. फौजदारी खटल्यात हा निर्णय जसाच्या तसा वापरणे चूक ठरेल.

मग फौजदारी कसोटीला उतरणारी साखळी कशी असते? तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध व्हाव्या लागतात: गाडी आरोपीच चालवत होता, त्याने अपघाताआधी मद्य घेतले होते, आणि पिणे व अपघात यांच्यामधला काळ इतका कमी होता की अंमल शिल्लक होता. पहिल्या कडीवरच अनेक खटले मोडतात, कारण गाडीत चार जण होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे शरीरावरच्या खुणा बोलतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याच्या सीटबेल्टचा वळ उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो. शेजारी बसलेल्याचा वळ नेमका उलटा असतो. स्टिअरिंगच्या एअरबॅगवर लागलेले रक्त किंवा लाळ डीएनए चाचणीने कोणाची आहे हे कळते. पण वैद्यकीय तपासणीत त्या रात्रीच वळाची दिशा लिहिली गेली नाही, किंवा एअरबॅग पंचनाम्यात जप्तच झाली नाही, तर काही दिवसांनी यांतले काहीच उरत नाही.

दुसऱ्या कडीसाठी पोलीस बहुधा बारचे बिल आणतात आणि तिथेच थांबतात. उलटतपासणीत वेटरला विचारले जाते की टेबलावर किती जण होते, पैसे कोणी दिले, कोणत्या ग्लासातून कोण प्याले हे तुम्ही पाहिले का. सहा जणांच्या टेबलाचे बिल एकाच्या पोटात किती गेले हे सांगत नाही, आणि न्यायालय ते मानत नाही, हे योग्यच आहे. त्याच टेबलाचे सीसीटीव्ही चित्रीकरण असेल, त्यात आरोपी पिताना दिसत असेल, बाहेर पडून चालकाच्या जागेवर बसताना दिसत असेल, तर बिलाला वजन येते. त्या चित्रीकरणासोबत, ते इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली न्यायालयाने जुन्या कायद्याखालचे असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले होते, तरी अजूनही ते जोडायचे राहून जाते. तिसरी कडी वेळेची आहे. चित्रीकरणावरची वेळ, टोलनाक्याची नोंद, मोबाइलचे ठिकाण आणि अपघाताची पहिली खबर एका ओळीत लावली की ‘अपघातानंतर घाबरून प्यालो’ हा बचाव खरा की रचलेला, हे तपासता येते.

आपण शास्त्र आणि परिस्थिती यांना एकमेकांसमोर उभे केले आहे. मला ती मांडणीच पटत नाही, कारण रक्ताचा अहवाल स्वतः परिस्थितीवर उभा असतो. रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसली का, कुपीत परिरक्षक, म्हणजे रक्त खराब होऊ न देणारे रसायन, होते का, सील कोणी लावले, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुपी कुठे होती, हे सगळे साक्षीदारांनीच सांगायचे असते. मे २०२४ मधील पुण्याच्या अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्याच्या खरेखोटेपणावर मी बोलणार नाही, पण अहवालावरच सर्व भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे हे त्या आरोपावरून कळते. वेळेचेही तसेच. रक्तातला मद्यांश साधारण ताशी, शंभर मिलिलिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने उतरतो. अपघातानंतर पाच तासांनी घेतलेल्या रक्तात ४० मिलिग्रॅम आढळले आणि मद्य आधीच पूर्ण शोषले गेलेले असेल, तर अपघाताच्या क्षणी ते ९० ते १४० असणार. ‘आधीच शोषले गेलेले’ हे शेवटचा पेला केव्हा घेतला यावर अवलंबून आहे, आणि ते पुन्हा वेटर व चित्रीकरणच सांगणार.

तपासातील ढिलाईबद्दल आपला संताप मलाही आहे. मद्यपानासाठी जागेवरच अटक केलेल्या चालकाची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी, नाहीतर त्याला सोडावे, असे मोटार वाहन अधिनियमाचे कलम २०२ सांगते, म्हणजे वेळेचे महत्त्व कायद्याला ठाऊक आहे. पण नमुना नसेल तर काहीच सिद्ध होणार नाही असा नियम केला, तर सर्वांत जास्त फायदा अपघातानंतर बारा तास पळून राहणाऱ्याला होईल. चाचणीला नकार देणाऱ्यासाठी त्याच अधिनियमाचे कलम २०५ आहे. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी परिस्थिती मानता येतो. ती तरतूदही कलम १८५ च्या कारवाईपुरतीच आहे. पळून गेलेल्यासाठी असे कलम नाही, आणि पळणे म्हणजे नशा असेही नाही, कारण जमावाच्या भीतीनेही लोक पळतात.

आता सामान्य चालकाचा प्रश्न. आपण ज्या ट्रकचालकाचे उदाहरण दिले आहे, त्याच्याविरुद्ध केसपेपरवर ‘दारूचा वास येतो’ एवढी एकच ओळ होती; तपासणी किती वाजता झाली, बोलणे आणि चाल कशी होती, डोक्याला मार होता का, यातले काहीच लिहिलेले नव्हते. वास प्याल्याचे सांगतो, किती प्याले ते सांगत नाही. डोक्याला मार लागलेला किंवा रक्तातील साखर एकदम उतरलेला माणूसही अडखळत बोलतो आणि झोकांड्या खातो. माझ्या कसोटीने तो चालक सुटायलाच हवा, आणि अशा एका ओळीवर शिक्षा देणाऱ्या निकालाचे मी कधीही समर्थन करणार नाही. श्रीमंत आरोपीला साखळीची कसोटी लावायची आणि गरिबाला एका ओळीवर दोषी धरायचे, हा भेद परिस्थितिजन्य पुराव्याच्या नियमांतून येत नाही. तो नियम न पाळल्यामुळे येतो, कारण ते पाळायला लावणारा वकील गरिबाकडे नसतो.

म्हणून अशा चालकासाठी उभ्या राहणाऱ्या, बहुधा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने एक गोष्ट हट्टाने करावी. सारडा प्रकरणातच न्यायालयाने असेही म्हटले आहे की आरोपीच्या जबाबात जी परिस्थिती त्याला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. हा जबाब घेण्याचे फौजदारी प्रक्रिया संहितेतले पूर्वीचे कलम ३१३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५१ झाले आहे. वास, चाल, बिल, चित्रीकरण या प्रत्येकाबद्दल वेगळा प्रश्न आरोपीला त्याच्या भाषेत विचारला गेला का, हे वकिलाने त्याच दिवशी पाहावे आणि राहिले असेल तर खटल्याच्या न्यायालयातच लेखी हरकत घ्यावी. तीच हरकत पहिल्यांदा अपिलात घेतली, तर प्रश्न न विचारल्याने आरोपीचे प्रत्यक्षात काय नुकसान झाले, असे वरिष्ठ न्यायालय विचारते, आणि तेव्हा ते दाखवून देणे फार अवघड जाते.