‘चिपची वाळू’ सांगून जमिनी मागणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी कणकवलीहून मामाचा फोन आला. “चेडवा, ह्यां खरां आसा काय गो?” पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. तोच मेसेज सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर आधी येऊन गेला होता आणि मी तो न वाचल्यासारखा केला होता. आता तसं करता येत नाही. एक माणूस हाच मेसेज मोबाइलवर दाखवून मामाची काजूची जमीन मागतो आहे.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: चिप वाळूपासून बनते आणि कोकणात वाळूच वाळू आहे. सिलिकॉन सोन्यासारखं कधी गंजत नाही, म्हणून चिपसाठी ते निवडलं. शुद्ध सिलिकॉन मिळालं की बाकी फक्त छपाई. ते पांढरे झगे, मास्क, काचेच्या बंद खोल्या हा सगळा परदेशी कंपन्यांचा देखावा आहे, आपल्याला हे जमणार नाही असं वाटावं म्हणून केलेला. भारतात कुणाला चिप बनवू दिली जात नाही. आणि शेवटी, ज्याच्याकडे सिलिका वाळूची जमीन तो पाच वर्षांत कोट्यधीश.

मी अर्धवाहकांचं (सेमिकंडक्टरचं, म्हणजे सिलिकॉनसारख्या चिपच्या पदार्थांचं) भौतिकशास्त्र शिकवते. एकेक मुद्दा घेते.

वाळूचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करायलाच हवं. सिलिकॉन सिलिकापासूनच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगापासूनच मिळतं आणि कणकवलीजवळच्या कासार्डे परिसरात सिलिका वाळू आहे हेही खरं. ती काचेच्या कारखान्यांत आणि ओतशाळांत जाते. पण सिलिकॉन वितळवून काढणाऱ्या विजेच्या भट्टीला बारीक वाळू चालत नाही, तिला क्वार्ट्झचे (सिलिकाच्याच कठीण दगडाचे) गोटे लागतात. त्यांच्यामधल्या फटींतून वायू वर निघायचा असतो, बारीक वाळूने त्या बुजतात. कोळशाबरोबर भाजून जे निघतं ते ९८-९९ टक्के शुद्ध. त्याचं ट्रायक्लोरोसिलेन नावाचं रसायन करायचं, ते ३२ अंशांच्या आसपास उकळणारं द्रव पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करायचं, म्हणजे उकळून त्याची वाफ थंड करून घ्यायची, त्यातून परत सिलिकॉन जमवायचं, तेव्हा दशांश चिन्हानंतर सात-सात नऊ लागणारी शुद्धता येते. खर्च आणि कसब तिथे आहे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूचं तर नावच नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, आणि रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम.

आता ‘गंजत नाही’. हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, ते नेमकं उलटं आहे. सिलिकॉन गंजतं. ताजी, उघडी चकती (सिलिकॉनचा पातळ गोल काप, ज्यावर चिप बनवतात) हवेत ठेवा, तिच्यावर ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनशी झालेल्या संयोगाचा थर, चढायला लगेच सुरुवात होते आणि एक-दोन नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तो थर थबकतो. भट्टीत ९०० ते ११०० अंशांना ऑक्सिजन दिला तर हवा तेवढा जाड थर वाढवता येतो. सिलिकॉन निवडलं गेलं ते या गंजासाठी! इलेक्ट्रॉन किती चपळ धावतात एवढंच पाहिलं तर जर्मेनियम सिलिकॉनच्या दुपटीहून पुढे आहे आणि गॅलियम आर्सेनाइड पाच-सहापट. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब या प्रयोगशाळेत चाललेला पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा बारीक खटका, जर्मेनियमचाच होता. पण जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. गॅलियम आर्सेनाइडचा ऑक्साइड दोषांनी भरलेला. सिलिकॉनचा ऑक्साइड म्हणजे काच: घट्ट, विजेला अडवणारी, आणि खालच्या स्फटिकाशी जवळजवळ बिनचूक जुळणारी. सिलिकॉन आणि त्याचा ऑक्साइड जिथे भेटतात, त्या सांध्यावर अख्खा उद्योग उभा आहे.

सांधा का महत्त्वाचा, ते मामाला फोनवर सांगितलं तसंच इथे सांगते. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला चार हात समजा. स्फटिकाच्या आत चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले असतात. पृष्ठभागावर मात्र स्फटिक संपतो, तिथल्या अणूंचे हात मोकळे राहतात आणि ते येणारे-जाणारे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. १९४५ मध्ये बेल लॅबच्या शॉकली या भौतिकशास्त्रज्ञाने बाहेरून विद्युतक्षेत्र लावून अर्धवाहकातला प्रवाह कमी-जास्त करायचा प्रयत्न केला. गणिताप्रमाणे परिणाम ठळक दिसायला हवा होता, तो जवळजवळ दिसलाच नाही. त्याचा सहकारी बार्डीन याने कारण शोधलं आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध केलं: पृष्ठभागावर अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेरचं क्षेत्र आत पोहोचूच देत नाहीत. पुढे १९५९ च्या सुमारास बेल लॅबमध्येच मोहम्मद अटाला यांनी दाखवलं की नीट साफ केलेल्या सिलिकॉनवर भट्टीत ऑक्साइड वाढवला तर यातले बहुतेक हात बांधले जातात. मग त्यांनी आणि डावोन कांग यांनी त्यावर धातूची पट्टी ठेवून ट्रान्झिस्टर बनवला. तुमच्या हातातल्या फोनमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर त्याच वंशाचे आहेत.

चिपसाठी वापरतात त्या चकतीच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सुमारे ६८० लाख कोटी अणू असतात. चांगल्या सांध्यावर मोकळे राहिलेले हात असतात साधारण हजार कोटी, म्हणजे सत्तर हजार अणूंमागे एखादा. तिथवर पोहोचण्यासाठी ऑक्साइड वाढवल्यावरही चकती हायड्रोजनमध्ये ४००-४५० अंशांना तापवतात, म्हणजे उरलेल्या हातांत हायड्रोजनचे अणू येऊन बसतात. यातलं काय ‘फक्त छपाई’ आहे?

आणि आता तो देखाव्याचा मुद्दा. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. मेसेजमध्ये पुढे असंही लिहिलंय की चकती स्वच्छ फडक्याने पुसली तरी भागतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेत चालायचे आणि नंतर बिघडायचे. थोडं तापवून व्होल्टेज लावून ठेवलं की ते सुरू होण्याचं व्होल्टेजच सरकायचं. ते का सरकतं, याची उकल १९६५ मध्ये फेअरचाइल्ड या अमेरिकी चिप कंपनीच्या स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह या चौघांच्या निबंधाने केली. यातले ग्रोव्ह म्हणजे पुढे इंटेल ही चिप कंपनी चालवणारे अँडी ग्रोव्ह. त्यांनी दाखवलं की ऑक्साइडमधून सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सरकतात. विद्युतक्षेत्र त्यांना सिलिकॉनच्या सांध्याकडे ढकलतं, आणि तिथे पोहोचले की ट्रान्झिस्टर भलत्याच वेळी सुरू किंवा बंद होतो. सोडियम कुठून येतं? घामातून, बोटांतून, पाण्यातून, भट्टीच्या नळीतून, रसायनांतून. मीठ जिथे म्हणून आहे तिथून.

हिशेब करून पाहा. त्या काळातला १०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड घ्या. चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटी सोडियम आयन सांध्यापाशी आले तर व्होल्टेज साडेचारच्या आसपास सरकतं. पाच व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटचा तिथेच निकाल लागला. एक लाख कोटी ऐकायला पुष्कळ वाटतं, पण एवढं सोडियम असलेल्या मिठाचं वजन होतं ग्रॅमचा सुमारे दहा अब्जावा भाग. मिठाचा ०.३ मिलिमीटरचा एक कण, जेवताना ताटाबाहेर सांडतो तेवढा, सारखा पसरला तर ३०० मिलिमीटर व्यासाच्या आठशेहून अधिक चकत्या नासवायला पुरे. आज ऑक्साइड पातळ झाले, सोडियमला अडवायचे उपायही सापडले, पण ते उपाय या निबंधानंतरच्या कष्टातून आले. आरसीए या अमेरिकी कंपनीत वर्नर कर्न यांनी १९६५ मध्ये बसवलेली धुण्याची पद्धत, आधी अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, मग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइड, आजही थोड्याफार फरकाने जगभर चालते. पांढरा झगा चकतीला माणसापासून वाचवण्यासाठी असतो. आपल्या अंगातून सतत कातडीचा कोंडा आणि मीठ झडत असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हे सांगते, कारण हातमोजा न बदलता चकती उचलली की आठवड्याचं काम वाया जातं. त्या मुलांच्या कामाला देखावा म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

गंजाचं महत्त्व पुढे किती ताणलं गेलं तेही ऐका. ऑक्साइड पातळ करत करत १.२ नॅनोमीटरवर आला, चार-पाच अणूंचे थर. मग इलेक्ट्रॉन त्यातून आरपार गळू लागले. २००७ मध्ये इंटेलने हाफ्नियम या धातूवर आधारलेला थर आणला. तरीही हाफ्नियम आणि सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन ऑक्साइडची एक बारीकशी पट्टी राहतेच, तिच्याशिवाय सांधा बिघडतो.

भारतात कुणाला बनवू दिली जात नाही हेही खोटं. मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या, चिप बनतात, इस्रोसाठीही बनतात. पवईला आयआयटी मुंबईत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची स्वच्छ प्रयोगशाळा आहे. आपण मागे आहोत, खूप मागे, हे खरं आहे. पण त्याचं कारण वाळूची टंचाई नाही आणि कुणी लपवलेलं गुपितही नाही. बार्डीनपासून कर्नपर्यंत सगळ्यांचे निबंध छापलेले आहेत.

राहिला कोट्यधीश व्हायचा मुद्दा, ज्याने मामाची झोप उडवली. एक चौरस सेंटिमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉन असतं सुमारे ०.१८ ग्रॅम. ३०० मिलिमीटरची अख्खी चकती १२८ ग्रॅमच्या आसपास भरते. वाया जाणारं धरूनसुद्धा चिपला लागणारा दगड काचेला आणि बांधकामाला लागणाऱ्या वाळूपुढे चिमूटभर आहे. चिपच्या किमतीत त्या दगडाचा वाटा जवळजवळ शून्य. त्यासाठी कुणी तुमच्या काजूच्या जमिनीला सोन्याचा भाव देणार नाही. मिळेल ती खाण, आणि तिची धूळ. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. धूळ खाणाऱ्यांना मेसेज पाठवणारा औषधपाणी करायला येत नाही.

मामा, तो माणूस परत आला की त्याच्याकडे दोन कागद माग. पहिला, या जमिनीतल्या वाळूत लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, बोरॉन आणि फॉस्फरस किती, याचा प्रयोगशाळेचा अहवाल. बोरॉन आणि फॉस्फरस मुद्दाम विचार, शुद्ध करण्यासाठी वितळलेलं सिलिकॉन गोठवताना ते बाहेर पडायला सगळ्यात नाखूश असतात. दुसरा, ही वाळू चिपसाठी घेणाऱ्या कारखान्याचं नाव आणि खरेदीचा लेखी करार. दोन्ही कागद आणले तर मला फोन कर, मी स्वतः वाचायला कणकवलीला येते. तोवर सही करू नकोस.