चावीची प्रत तेवढी ठेवा
रायप अ‍ॅटलास (RIPE Atlas) म्हणजे जगभरातून इंटरनेटची मोजमापे घेणारे जाळे. त्याचे सॉफ्टवेअर प्रोब, म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारे मोजणीचे प्रोग्रॅम, २०२० साली आले, त्यामुळे पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) आणि ट्रेसरूट (डेटा जातो तो मार्ग) मोजायला वेगळे यंत्र लागेनासे झाले. पण हे प्रोब अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी चालवणाऱ्याची असते, हे लोकांच्या डोक्यात शिरतच नाही. वर्षानुवर्षे तीच जुनी आवृत्ती! आणि कधी बदलायला घेतलीच, तर कंटेनर (प्रोब ज्यात चालतो ती सॉफ्टवेअरची बंदिस्त पेटी) सरळ उडवून नवा उभा करतात. प्रोबची ओळख ज्या एसएसएच चावीवर (सुरक्षित जोडणीसाठीच्या डिजिटल चावीवर) अवलंबून, ती कायमस्वरूपी व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर उडवला तरी टिकणाऱ्या जागेत, ठेवलेलीच नसते. मग नवी चावी तयार होते, जुन्या नोंदणीशी तिचा मेळ बसत नाही आणि त्या प्रोबची सलग चाललेली मोजमापे तिथेच तुटतात. चावीच्या दोन छोट्या फायलींची प्रत काढून ठेवायला असा किती वेळ लागतो? त्या मोजमापांवर कुणाचे तरी संशोधन उभे असते हो!