सैंधव मिठाचा तो मेसेज आणि काकीची बीपीची गोळी

गोव्यातल्या बहुतेक फॅमिली ग्रुपांवर सध्या मिठाचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाकिटातलं आयोडीनवालं मीठ म्हणजे पांढरं विष, ते इंग्रजांनी आणि परदेशी कंपन्यांनी आपल्या गळ्यात मारलं. त्यात सायनाइड असतं. थायरॉइड आणि बीपी त्याच्यामुळेच होतं. आपले पूर्वज कुठे आयोडीन खात होते? म्हणून हिमालयातलं गुलाबी सैंधव खा, त्यात सोडियम नसतं, ८४ खनिजं असतात, आणि रोज सकाळी अनशापोटी एक चमचा सैंधव कोमट पाण्यात घालून प्या म्हणजे बीपी आपोआप उतरेल आणि गोळ्या सुटतील. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

असले मेसेज मी एरवी न वाचताच डिलीट करते, पण हा माझ्या फोंड्याच्या काकीने मनावर घेतला. काकी सत्तरीची, बीपीची जुनी पेशंट. तिने सकाळचं मिठाचं पाणी चालू केलं आणि बीपीची गोळी अर्धी करून टाकली, कोणाला न विचारता, कारण मेसेजच्या खाली कुठल्यातरी डॉक्टरचं नाव होतं. डोकं जड व्हायला लागलं तेव्हा चुलतभावाने तिला आरोग्य केंद्रात नेलं, वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे. आणि त्याच घरात वहिनी पाचव्या महिन्यात आहे आणि स्वयंपाकघरातला आयोडीनचा डबा काकीने केव्हाच रिकामा करून त्यात गुलाबी मीठ भरून ठेवलंय. म्हणून हे लिहितेय, आणि जरा चिडूनच लिहितेय.

आधी ते सकाळचं पाणी, कारण सगळ्यात घातक तेच आहे. सैंधव म्हणजे आपलं शेंदेलोण, उपासाला वापरतो तेच, जमिनीतून खणून काढलेलं मीठ. त्याचा ९७-९८ टक्के भाग सोडियम क्लोराइडच असतो, म्हणजे पाकिटातल्या पांढऱ्या मिठात जे असतं तेच. "सोडियम नसतं" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने मीठ म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा बघितलेलं नाही. कुठल्याही रंगाचं ५ ग्रॅम मीठ घ्या, त्यात सुमारे २ ग्रॅम सोडियम येणार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे साधारण एक छोटा सपाट चमचा. मेसेजवाला तो अख्खा चमचा पेज जेवायच्या आधीच पाण्यातून पोटात घालायला सांगतोय! दिवसाचा कोटा सकाळी सातलाच संपला, आणि त्यानंतर हुमण (मासळीची आमटी) आहे, भाजी आहे, लोणचं आहे, पेजेबरोबर खारो बांगडो आहे, सांजेला चहाबरोबर पोदेराचा (पाववाल्याचा) उंडो, म्हणजे गोल पाव, आहे, त्यातपण मीठ असतंच. भारतात माणूस दिवसाला सरासरी ८ ते ११ ग्रॅम मीठ खातो असं वेगवेगळ्या पाहण्यांत दिसलंय, त्याच्यावर हा वरचा चमचा.

शरीरात सोडियम वाढलं की ते पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, नळ्यांवर दाब वाढतो. बीपीच्या माणसाला मीठ कमी करायला सांगतात ते ह्याचसाठी, आणि हा मेसेज नेमकं उलटं करायला लावतोय, वर गोळी सोडायला लावतोय, आणि ते वाचणारे कोण तर साठी-सत्तरीची आमची माणसं, ज्यांना बीपी जास्त झालेलं बऱ्याचदा कळतही नाही कारण दुखत काहीच नाही. एक दिवस एकदम पॅरालिसिस होतो तेव्हा कळतं. गोळी कमी करायची की बंद करायची हे फक्त तुमचा डॉक्टर सांगेल, महिन्याभराची रीडिंगं बघून. फोनवर आलेला मेसेज नाही.

८४ खनिजांचं म्हणाल तर असतील. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो हे खरं आहे, बाकीची खनिजंही कणाकणाने असतात. पण कणाकणानेच. ५ ग्रॅम सैंधवातून पोटॅशियम मिळतं ते जेमतेम काही मिलीग्राम आणि एका मध्यम केळ्यातून तीनशे मिलीग्रामच्या वर. खनिजं पाहिजेत तर परसातली केळी खा, तांबडी भाजी खा, नाचणीची सत्वं खा, तारले (छोटी मासळी) खा काट्यासकट. मिठातून खनिजं मिळवायची तर एवढं मीठ खावं लागेल की बीपीनेच माणूस जाईल. आणि हिमालयातलं म्हणून जे विकतात ते, २०२५ मध्ये पाकिस्तानातली आयात बंद होईपर्यंत तरी, बहुतेक पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतलं असायचं, हिमालयाची शिखरं तिथून बरीच लांब.

आता आयोडीन. ह्या मुद्द्यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय कारण वहिनीचा प्रश्न ह्यात आहे.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला तिचं हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, दुसऱ्या कशाने ते बनत नाही. आयोडीन कमी पडलं की ग्रंथी फुगते, त्याला गलगंड म्हणतात. पण गलगंड हा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग पोटातल्या बाळाच्या मेंदूचा. पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते आईच्याच हार्मोनवर वाढतं. आईला आयोडीनची मोठी कमतरता असेल तर मूल मतिमंद, बहिरं-मुकं, खुरटलेलं जन्माला येऊ शकतं, आणि कमतरता थोडी असली तरी मुलाच्या बुद्धीवर परिणाम होतो. मेंदूचं हे असं नुकसान आहे की जे टाळता येतं, आणि टाळायचा उपाय सगळ्यात स्वस्त, रोजच्या मिठात. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर बाईला २५०. म्हणजे वहिनीला सध्या इतरांपेक्षा जास्त पाहिजे, आणि नेमकं तिच्याच ताटातून ते काढून घेतलंय.

ह्याचा पुरावा परदेशी कंपनीचा नाही, आपल्याच देशातला आहे. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघर होता. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सुमारे लाखभर लोकवस्तीचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एका भागात साधं. पाच-सहा वर्षांनी बघितलं तर आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलेलं आणि साध्या मिठाच्या भागात होतं तिथेच. मग त्या तिसऱ्या भागालाही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही गलगंड कमी झाला. १९६२ मध्ये सरकारचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो ह्याच कामाच्या जोरावर. रामलिंगस्वामी पुढे दिल्लीच्या एम्सचे डायरेक्टर झाले. मेसेज पाठवणाऱ्यांनी ही एकच गोष्ट नीट वाचावी. आणि हेही बघा की ज्या हिमालयाच्या नावावर हे गुलाबी मीठ विकतात त्याच हिमालयाच्या पायथ्याला गलगंडाचा पट्टा होता, कारण बर्फ, पाऊस आणि पूर तिथल्या जमिनीतलं आयोडीन धुवून नेतात. तिथल्या लोकांना वाचवलं ते आयोडीन घातलेल्या मिठाने.

"इंग्रजांनी आणलं" हे तर गोव्यात बसून कोणी म्हणू नये. इंग्रजांनी आमच्या मिठाचं काय केलं ते आमच्या आगरांना, म्हणजे मिठागरांना, विचारा. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार झाला आणि गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला, मिठागरांचं त्यात केवढं नुकसान झालं. आयोडीनचा तेव्हा संबंधही नव्हता. मिठात आयोडीन घालायला स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत १९२० च्या दशकात सुरुवात झाली, तिथेही डोंगराळ भागात गलगंड होता म्हणून, आणि आपल्याकडे आलं ते स्वातंत्र्यानंतर.

सायनाइडचं एका वाक्यात संपवते. मीठ ओलं होऊन गोळे होऊ नयेत म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, किलोमागे फक्त काही मिलीग्राम, आणि त्यातलं सायनाइड लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात ते सुटत नाही. नावात सायनाइड बघून घाबरवणं सोपं आहे, बस.

पूर्वजांचा मुद्दा मात्र थोडा वेगळा. इथे मला अर्धं मान्य करावं लागेल. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, मासळी खातो, सुंगटां, तिसऱ्यो, खुबे, आणि समुद्राच्या मासळीत आयोडीन असतं. पूर्वजांना त्यातून काही प्रमाणात मिळत होतं हे खरं. पण सगळ्यांना नाही आणि सारखंही नाही. सत्तरी-सांगेच्या डोंगरातल्या घरात रोज मासळी कुठे होती, शाकाहारी घरं होती, श्रावणात अर्धा गोवा मासळी सोडतो, आणि पावसात ट्रॉलरबंदी असते तेव्हा मासळी महाग होते ती वेगळीच. किनारपट्टीच्या भागांतही आयोडीनची कमतरता सापडलेली आहे, समुद्र जवळ असला म्हणून काळजी नाही असं होत नाही. आणि आमची वहिनी तर दिवस गेल्यापासून मासळीचा वाससुद्धा सहन करू शकत नाही.

दुसरं अर्धं मान्य करते ते गावठी मिठाबद्दल. आगरवाडा, नेवरा, रायबंदर, हडफडे इथल्या आगरातलं जाडं मीठ, मे महिन्यात पुरुमेताला (पावसाळ्याच्या साठवणीला) घेऊन ठेवायचं, त्याच्याशिवाय तोरांचं (छोट्या कैऱ्यांचं) लोणचं, खारावलेल्या कैऱ्या, खारें (सुकी खारवलेली मासळी) होतच नाही. मिठागरं बंद पडतायत, बांध फुटतायत, कामाला माणसं मिळत नाहीत, आणि खायच्या मिठात आयोडीन पाहिजेच ह्या नियमामुळे त्या लोकांची अडचण आणखी वाढली हे खरं आहे आणि वाईट आहे. मी स्वतः लोणच्याला तेच वापरते आणि वापरत राहणार. पण सैंधवाचा मेसेज गावठी मिठाचं भलं करत नाहीये, तो शेजारच्या आगरातलं सोडून हजारो किलोमीटरवरचा दगड चारपट-पाचपट भावाने घ्यायला लावतोय. आणि गावठी असो की गुलाबी, आयोडीन दोन्हीत पुरेसं नाही, सोडियम दोन्हीत भरपूर. रोजच्या हुमणाला, भाजीला, मुलांच्या डब्याला आयोडीनवालं.

थायरॉइडबद्दल घाईत एवढंच की आयोडीनच्या मिठाने सगळ्यांना थायरॉइड होतो हे खोटं आहे. आयोडीन कमी असलेल्या भागात ते एकदम वाढवलं तर काही लोकांत थायरॉइडच्या तक्रारी थोड्या वाढलेल्या दिसल्यात, तेवढं खरं. पण आपल्याकडे ज्यांची ग्रंथी मंद चालते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. तो आजार मिठाचा डबा बदलून जात नाही. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी मिठाच्या भरवशावर ती सोडू नये, आणि नेहमीच्या प्रमाणातलं आयोडीनचं मीठ घाबरून टाकूनही देऊ नये.

आयोडीन शिजवताना सगळं उडून जातं असंही कोणीतरी खाली कमेंट केली होती. सगळं नाही उडत. साधारण पाचवा भाग जातो असं धरूनच प्रमाण ठरवलेलं असतं, आपल्या घरात पोचताना निदान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलीग्राम, असा नियम आहे. आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट वापरतात, ते दमट हवेत जास्त टिकतं. तरी पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवा, चुलीपासून लांब, आणि मीठ शक्य तर शेवटी घाला.

काकीची गोळी परत पूर्ण झालीय, पाणी बंद झालंय, डॉक्टरने खारें आणि पापडसुद्धा कमी करायला सांगितलंय आणि त्यावरून ती माझ्यावर रागावलीय. लो-सोडियम मीठ आणू काय म्हणून तिने विचारलं, त्याचंही उत्तर आधी डॉक्टरला विचार, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीचा त्रास असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते चालत नाही. वहिनीसाठी मीच पाकीट आणून दिलं, वर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलेलं. तुमच्या घरात कोणी गरोदर असेल किंवा मुलाला अंगावर पाजत असेल तर आज स्वयंपाकघरात जाऊन तेवढं चिन्ह बघा, आणि बीपीची गोळी घेणारं कोणी असेल तर ते गोळी खरंच घेतंय काय ते विचारा.