हात दाखवून अवलक्षण

मित्रांच्या पोकर टूर्नामेंटमध्ये किती आक्रमक खेळावं, हा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुम्ही अजून पत्ते बघून खेळता. ती सवय आधी सोडा. मागच्या वेळी तुम्हाला कोणी आउट केलं होतं ते आठवा आणि आज त्याच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे तुमची पाळी त्याच्या लगेच नंतर येईल. त्याने रेज केलं, म्हणजे बेट वाढवली, की तुम्ही री-रेज करायचं, म्हणजे आणखी वाढवायची. हातात काय आहे ते सावकाश बघता येईल.

काही थंड डोक्याची मंडळी सांगतील, चांगल्या हाताची वाट बघा. बघा की! हातातल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. पत्ते पिसणारा दर वेळी अर्धी गड्डी जमिनीवर सांडतो, आणि ‘पाळी कोणाची?’ हे ज्याची पाळी असते तोच विचारतो, त्यामुळे तासाला पंचवीस डाव झाले तरी खूप झाले. म्हणजे जवळजवळ नऊ तास. दरम्यान ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच पाळीपाळीने भरावी लागणारी रक्कम; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड) दर वीस मिनिटांनी दुप्पट होत असेल, तर सुरुवातीची शंभर बिग ब्लाइंडची तुमची रास दोन तासांत कोणी हात न लावता दीड ब्लाइंडवर येते, आणि यात तुम्ही भरलेले ब्लाइंड धरलेलेच नाहीत. एवढं करून एक्के आलेच, तर तुम्ही खुर्चीत असे ताठ बसता की सगळे मुकाट पत्ते टाकतात. किंवा चौघं जण ‘बघू तरी’ म्हणत तेवढ्याच चिप्स भरून कॉल करतात, आणि चार कसल्याही हातांपुढे एक्के जेमतेम 56 टक्के वेळा टिकतात.

तेव्हा ब्लफ. हिशेब सोपा आहे: पॉटएवढी, म्हणजे मधे जमलेल्या चिप्सएवढी, बेट लावली, तर समोरच्याने निम्म्या वेळा फोल्ड केलं (पत्ते टाकले) की तुमचं नुकसान नाही. पण तुमचा मित्र फोल्ड करायला आलेलाच नाही. तो दुर्रीची जोडी धरून रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पत्त्यापर्यंत, येतो आणि जिंकल्यावर निरागसपणे सांगतो, “तुझ्याकडे काय आहे ते बघायचं होतं रे.” अशा माणसापुढे ब्लफ करू नये, असं जाणकार म्हणतात. तुम्ही करा. मोठ्या आवाजात करा. वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री, म्हणजे या खेळातला सगळ्यात दरिद्री हात, टेबलावर उलटताना चेहऱ्यावर गूढ हसू असू द्या. (हात दाखवून अवलक्षण ही म्हण ज्योतिषाला तळहात दाखवण्यावरून आली म्हणतात. मला खात्री वाटत नाही.)

बक्षीस दोघांनाच आहे आणि खेळात तिघं उरलेत? इथे कद्रू माणूस सगळ्यात छोट्या राशीवाल्याला आधी जाऊ देतो. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात असतं. तुम्ही थेट सगळ्यात मोठ्या राशीवर चालून जा. मित्र आहे, समजून घेईल. घेईल म्हणजे चिप्स.

अर्थात तुम्ही तिथवर पोचलात तर. माझा अनुभव विचाराल तर पहिल्या दहा मिनिटांत ऑल-इन मारण्यासारखं, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावण्यासारखं, सुख नाही. री-बाय (पुन्हा पैसे भरून खेळात यायची सोय) असेल तर तेच सुख दोनदा मिळतं. नंतर मात्र तुम्ही पूर्णवेळ नोकर: पत्ते वाटा, घड्याळ लावा, ब्लाइंड वाढल्याची दवंडी पिटा, पाणी आणा. निघून जाताही येत नाही, कारण तुम्ही ज्याच्या गाडीतून आलात तो गेल्या तासाभरात तीनच हात खेळलाय आणि सगळ्यात जास्त चिप्स त्याच्याकडेच आहेत. त्याच्या खांद्यामागे उभे राहा आणि हळूच म्हणा, “मार ना ऑल-इन.” तो पत्ते बघेल, तुमच्याकडे बघेल आणि फोल्ड करेल.

घ्या, पिसा पुन्हा.