वर्गाची कडी कुठल्या बाजूला?

फोंड्याच्या तिठ्यावर काल भजी थंड झाली, पण वाद निवला नाही. सुरुवात दीपकने केली. मुलीच्या शाळेत वर्गांना आतून कुलूप बसवायची सूचना पालकांच्या बैठकीत आली आणि त्याने हात वर केला. "2013 साली वास्कोत शाळेच्या शौचालयात सात वर्षांच्या पोरीवर अत्याचार झाला, विसरलात? बाहेरचा माणूस वर्गापर्यंत पोचताच कामा नये." यावर कोण काय बोलणार?

बोलले ते दिगंबरभाय. अख्खी नोकरी अग्निशमन दलात गेली त्यांची. "कुलूप लाव. पण धुरात चावी शोधणार कोण? हरियाणातल्या डबवालीत 1995 मध्ये शाळेचाच कार्यक्रम होता, बाहेर पडायला एकच दार, आगीत चारशेच्या वर माणसं गेली. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत 2004 साली 94 मुलं. आपल्या हडफड्याच्या नाइटक्लबात 2025 च्या डिसेंबरात 25."

दीपक चिडला. "म्हणजे दारं सताड उघडी ठेवायची?"

तेव्हा सुलभाबाई बोलल्या, आणि माझ्या मते खरा मुद्दा त्यांनीच काढला. "आमच्या वर्गाची कडी बाहेरच्या बाजूला आहे. पोरं मस्ती म्हणून ती लावून पळतात, मी आत अडकते. आणि कोणी घुसलाच, तर दार बंद करायला मला व्हरांड्यात जावं लागेल." म्हणजे आजचं दार चोरालाही अडवत नाही आणि आगीतूनही सोडत नाही!

अमेरिकेत 2012 साली सँडी हूकच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. तिथंही वर्गाला कुलूप लावायचं तर चावी घेऊन बाहेर यावं लागत होतं. पुढे तिथल्या अग्निसुरक्षा नियमांत तोड निघाली ती अशी: दार आतून बंद करता यावं, पण आतल्या माणसाला ते चावीशिवाय, एकाच हालचालीत उघडता यावं. बाहेरून शाळेच्या माणसाला चावीने उघडता यावं, कारण आत भलताच कोणी कोंडून घेऊन बसला तर? आपली राष्ट्रीय बांधकाम संहितासुद्धा सांगते की बाहेर पडायचं दार आतून चावीविना उघडलं पाहिजे.

"मग आडवा अडसर?" शांबाने विचारलं. दिगंबरभायनी मान हलवली. पहिलीतलं पोर तो उचलणार कसं?

दारापुरतं दीपकने मानलं. अडलं ते जिन्याच्या चॅनल गेटवर. घंटा झाली की त्याला टाळं लागतं आणि चावी पियूनच्या खिशात जाते. वरच्या मजल्यावरच्या तीनशे पोरांची वाट त्या एका खिशात! टाळं काढून तिथं माणूस बसवा, असं दिगंबरभायचं म्हणणं. "पगार कोण देणार?" दीपकने विचारलं. मला वाटतं, आपण पालकांनी द्यावा. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला वर्गणी काढतो, ती आधी याला काढू. दीपकला हे पटलेलं नाही. बैठक शनिवारी आहे, मी तिथंही हेच बोलणार आहे.